पाटाच्या तळाशी सात दगड

या, अशा जवळ सरका. दाराशी वारं लागतं. आणि इथल्या लोकांसारखे गुडघे दुमडून बसू नका, अर्ध्या तासात पायाला मुंग्या येतील. सरळ मांडी घाला. चहा उकळतोय. तो होईपर्यंत एक गोष्ट सांगते. देवाची नाही आणि राजाचीही नाही. गाळाची आहे. पाण्याबरोबर येतो, पाणी दमलं की खाली बसतो, तो आपला साधा गाळ. ऐकून करमणूक होईल असं काही मी कबूल करत नाही, पण गोष्ट माझ्या डोळ्यांसमोर घडलेली आहे, आणि तिच्यात चूक कुणाची ते मी लपवणार नाही.

जपानात येऊन आम्हाला अठरा वर्षं झाली. माझ्या नवऱ्याची, माधवची, कंपनी आधी कावासाकीला होती, मग त्याची ओसाकाला बदली झाली. करोनाच्या साली ऑफिस घरात आलं. दोन खोल्यांत माधवच्या मीटिंगा, आमच्या मुलीची, राधिकाची, ऑनलाइन शाळा आणि माझी पेटी, असं तिघांचं एकमेकांच्या डोक्यावर चाललेलं असायचं. शेवटी माधव इंटरनेटवर खेड्यातली रिकामी घरं बघायला लागला, आणि पाच वर्षांपूर्वी आम्ही शिमोहातात राहायला आलो. ओसाकाहून रेल्वेनं सव्वा तास, पुढं बस, आणि ती बस दिवसातून चारदा. गावात अकरा घरं. आम्ही येईपर्यंत गावातला सगळ्यात तरुण माणूस एकसष्ट वर्षांचा होता. तो मान माधवकडं आला तेव्हा त्या गृहस्थांनी सुटल्यासारखं हसून त्याच्या हातात फावडं दिलं.

फावडं का, तर गावात पाट होता. वरच्या अंगाला ओढ्यावर दगडी बंधारा, बंधाऱ्यातून निघालेला पाट, आधी कामिहाता या वरच्या गावाला पाणी देऊन मग दोन किलोमीटर डोंगराच्या कडेकडेनं आमच्याकडं येणारा. सहाशे वर्षांचा आहे म्हणतात. माझं आजोळ धुळे जिल्ह्यात, साक्रीच्या बाजूला. तिथं पांझरा नदीवर असेच जुने बंधारे, असेच पाट. माझे चंद्रहासमामा पाटकरी होते. कुणाच्या शेतात पाणी कधी सोडायचं, कुठल्या चारीची फळी कधी काढायची, हे त्यांच्या हातात. म्हणून शिमोहाताच्या त्या पहिल्या दुपारी पाटाच्या काठी उभी राहिले तेव्हा परक्या गावात आल्यासारखं वाटलंच नाही. ओल्या गाळाचा वास सगळीकडं एकच असतो.

इथले पाटकरी होते ओकुनो-सान. आमचे शेजारी. त्र्याऐंशी वर्षांचे, अंगानं काटकुळे, गळ्यात कायम टॉवेल. पाट त्यांच्या शेतापाशी संपायचा, आणि त्या शेताला लागून आमचं घर आणि भाजीचा तुकडा. तुमच्याकडं या कामाच्या माणसाला काय म्हणतात, असं त्यांनी मला एकदा विचारलं. मी पाटकरी म्हटलं. त्यांना तो शब्द इतका आवडला की पुढं पोस्टमन आला तरी ते स्वतःची ओळख पातोकारी-सान अशी करून द्यायचे आणि त्याला कळलं नाही की खूश व्हायचे. त्यांची बायको चियो-सान स्वयंपाकघरातून म्हणायच्या, की म्हाताऱ्याला या वयात नवीन हुद्दा मिळाला, आता भांडी कोण घासणार.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी पाटाचा गाळ काढायचा, ही इथली रीत. पहाटे पाचला बंधाऱ्यावर फळ्या टाकून पाणी बंद करायचं आणि दुपारी तीनला सोडायचं. प्रत्येक घरातून एक माणूस. पाट वर्षातून तेवढे दहाच तास कोरडा असतो, कारण बाकी वर्षभर भाजीला, घरांमागच्या कुंडांना, आग लागली तर विझवायला, त्याच पाण्यावर गाव चालतं. ही दहा तासांची गोष्ट लक्षात असू द्या.

गाळ काढतात तो किती खोल काढायचा, हा इथला खरा प्रश्न. पाटाला उतार इतका थोडा, की शंभर पावलांवर जेमतेम एक बोट. तळ एका जागी वीतभर वर आला की तिथं पाणी मंदावतं. मंदावलं की आणखी गाळ टाकतं, आणि तो बसला की आणखी मंदावतं. ओकुनो-सान सांगायचे, की पूर्वी वरच्या गावानं हीच युक्ती केली होती. भांडण नाही, मारामारी नाही. नुसता आपल्या हद्दीतला गाळ काढायचा कंटाळा केला. तीन वर्षांत पाणी वरच्याच शेतांत तुंबायला लागलं आणि खालच्या गावाची भातं वाळली. मग खरी मारामारी झाली, माणसं गेली, आणि शेवटी देवळासमोर तडजोड झाली, की पाटाचा तळ कुठं आहे हे दगडानं ठरवायचं. सात ठिकाणी तळाशी सात दगड बसवले. दरवर्षी गाळ त्या दगडापर्यंत काढायचा. वर ठेवायचा नाही आणि खालीही जायचं नाही, कारण खाली चिकणमाती ठोकून केलेला थर आहे आणि तो फुटला तर पाणी जमिनीत जिरतं. दगड कुठं आहेत ते कागदावर लिहायचं नाही, काठावर खूणही करायची नाही, म्हणजे रातोरात कुणी हलवायला नको. आणि ते शोधायचा मान पाटाच्या शेवटच्या घराला, कारण ज्याला पाणी सगळ्यात शेवटी मिळतं त्याला तळाची काळजी सगळ्यात जास्त.

हे ऐकून माधवला फारच हुरूप आला. त्यानं घरी येऊन बरंच वाचून काढलं आणि दुसऱ्या दिवशी ओकुनो-सानना सांगितलं, की फार पूर्वी दोन नद्यांच्या देशात, इराकच्या बाजूला, असेच कालवे होते. तिथं दरवर्षी गाळ काढून दोन्ही काठांवर टाकायचे. टाकून टाकून काठ टेकड्यांएवढे झाले. पुढं पुढं खालची पाटी वर पोचवायला माणूस घराच्या दोन मजल्यांएवढं चढून जायचा. मग एके वर्षी लोक थकले, तो कालवा सोडून शेजारी नवा खणला, आणि त्याचंही तेच झालं. अजून त्या वाळवंटात पाणी नसलेल्या कालव्यांचे नुसते काठ उभे आहेत. ओकुनो-साननी सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, की तो गाळ त्यांनी शेतांत का नाही नेला. आमच्या गावात, ते म्हणाले, वरचा बारीक पोयटा घरटी वाटून घ्यायचे, भातखाचरात पसरायचे. मग माधवनं फोनवर पाटाचा नकाशा करून दगडांच्या जागा त्यात टाकू या, असं सुचवलं. ओकुनो-सान फारच छान कल्पना आहे म्हणाले. जपानात हे ऐकलं की विषय संपला असं समजायचं, एवढं एव्हाना माधव शिकला होता.

आता ते दगड शोधायचे कसे, ते सांगते. ओकुनो-सानकडं छातीएवढी एक लोखंडी सळई होती. गाळात ती खुपसायची आणि खाली दगड लागला की कानानं ओळखायचं. पाटात दगड शंभर असतात, पण तळाचे हे सात वेगळे. इकडच्या एका डोंगरात काळा दगड मिळतो, आपटला तर काशाच्या भांड्यासारखा वाजतो. जुन्या लोकांनी मुद्दाम तोच आणून बसवला, म्हणजे गाळाखाली गेला तरी हाक मारल्यावर ओ देईल.

मी पहिली दोन वर्षं बायकांबरोबर भाताचे गोळे वळत होते. तिसऱ्या वर्षी चहाची किटली घेऊन ओकुनो-सानच्या शेताशी गेले, तेव्हा ते सातव्या दगडाशी सळई मारत होते. ठक, ठक, आणि मग एक बारीक आवाज, लगेच गाळानं गिळलेला. मी किटली खाली ठेवली आणि म्हटलं, हा वेगळा आहे.

लहानपणापासून मी कीर्तनात वाढलेली. पुण्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी रामाचं देऊळ होतं, तिथं पेटीवाल्याच्या मागं माझी जागा ठरलेली. कोणत्या झांजेला आतून चीर गेली आहे ते मी न बघता सांगायची आणि बुवा माझ्याकडं बोट करून आख्यान थांबवून हसायचे. त्यामुळं मला त्यात विशेष असं काही वाटलं नाही. ओकुनो-सान मात्र माझ्याकडं बघतच राहिले. त्यांना स्वतःला तो आवाज कळायला चार वर्षं लागली होती, आणि त्या चार वर्षांत वडिलांनी सळईनं त्यांनाही बऱ्याचदा वाजवलं होतं, असं ते म्हणाले. त्यांचा मुलगा नागोयाला असतो, त्याला कधी कळलाच नाही.

त्या दिवशी त्यांनी मला सहाव्या दगडापाशी नेलं. मग बंधाऱ्याजवळच्या पहिल्यापाशी. दोन्ही ठिकाणी सळई माझ्या हातात दिली. पहिल्याचा आवाज जाड, सहाव्याचा थोडा कोरडा. तोवर तीन वाजले, पाणी आलं. वाहत्या पाण्यात दगड बोलत नाही. मधले चार पुढच्या वर्षी दाखवतो, असं ते म्हणाले, आणि घरी परत येताना, माझ्याकडं न बघता, एवढंच बोलले:

"सुमन-सान, माझे गुडघे आता एकच वर्ष आत उतरतील. त्यानंतर सळई तुमच्याकडं."

मी हो म्हटलं. अगदी वाकून, दोन्ही हात मांड्यांवर ठेवून.

आता चूक सांगते. पुढच्या वर्षी, म्हणजे गेल्या वर्षी, रामनवमी नेमकी एप्रिलच्या पहिल्या रविवारी आली. टोकियोजवळ ग्योतोकुला आपली मराठी मंडळी बरीच आहेत. तिथल्या यामिनीचा मार्चमध्ये फोन आला, की पुण्याचे एक बुवा टोकियोत मुलीकडं आले आहेत आणि रामजन्माचं कीर्तन करायला तयार आहेत. हॉल ठरला होता, तबलजी मिळाला होता, पेटीला माणूस नव्हता. सुमनताई, तुम्ही नाही आलात तर मी वाजवीन आणि मग बुवा पुन्हा या देशात पाऊल ठेवणार नाहीत, असं ती म्हणाली. इतक्या वर्षांत मी समोर बसून एकही कीर्तन ऐकलं नव्हतं. फोनवर ऐकायचे, भांडी घासताना. पण फोनमध्ये बुवा आपल्याकडं बघत नाहीत.

माझ्या मनात एक क्षणही शंका आली नाही असं मी म्हणणार नाही. दोन दिवस आली. माधव म्हणाला, तू ठरव, मी फावडं घेऊन जाईन, घरटी एकच माणूस लागतो. मी स्वतःला सांगितलं, रामाचं काम आहे. पाट सहाशे वर्षं आहे, तो एक वर्ष थांबेल. देवाचं नाव पुढं केलं की आपलं मन किती लवकर गप्प बसतं ते मला तेव्हाच कळायला हवं होतं.

बेसनाच्या लाडवांचा डबा घेऊन मी ओकुनो-सानकडं गेले. आमच्या देवाचा जन्मदिवस आहे, दूर जावं लागतंय, असं सांगितलं. ते पायरीवर बसून बुटांचा चिखल काढत होते. त्यांनी लाडू घेतला, वास घेतला आणि विचारलं, की तिथं काय करतात. मी म्हटलं, गातात, गोष्ट सांगतात, आम्ही ऐकतो.

"मग जायलाच हवं," ते म्हणाले. "दगड कुठं जात नाहीत."

त्यांच्या चेहऱ्यावर मला काही दिसलं नाही. चियो-सान मात्र दारातून मागं वळून आत गेल्या. ते मी बघितलं, आणि मनावर घेतलं नाही.

कीर्तन फार सुंदर झालं. ते खोटं सांगून माझी चूक मोठी करायची नाही मला. बुवांचा आवाज पिकलेला, पूर्वरंगात त्यांनी श्रवणावर निरूपण केलं, की ऐकणं हे कानाचं काम नाही, ज्याच्यासमोर बसलो त्याच्याशी केलेला करार आहे. माझे डोळे भरून आले. बरोबर बारा वाजता पाळणा हलला, आणि वयानं मोठी म्हणून पाळण्याची दोरी पहिल्यांदा माझ्या हातात दिली. त्याच वेळेला तिकडं शिमोहातात मंडळी मधल्या दगडांपाशी असणार, हे मला आठवलं. मी दोरी ओढली आणि विसरले.

घरी आल्यावर माधवनं सांगितलं, की ओकुनो-सान आत उतरू शकले नाहीत, काठावरून सळई खुपसत होते, आणि मधल्या चार जागांशी आले की मागं वळून बसच्या रस्त्याकडं बघत होते. माधवला वाटलं, ते थकलेत. तो त्यांना सारखं बसा बसा म्हणत होता. त्यानं स्वतः त्या जागा लक्षात ठेवल्या नाहीत, कारण फावड्याला मान खाली घालावी लागते.

ऑगस्टच्या उकाड्यात ओकुनो-सान शेतात पडले. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. महिन्याभरानं मी दवाखान्यात गेले. चियो-सान पलंगाच्या पलीकडं बसल्या होत्या, जेवणाचा ट्रे समोर होता. मला बघितलं आणि त्यांनी डाव्या हातानं चमचा उचलला. पलंगाच्या लोखंडी कठड्यावर एकदा वाजवला. चमचा दोन बोटं पुढं सरकवला, पुन्हा वाजवला. मग हात बराच पुढं, जवळजवळ कठड्याच्या मध्यापर्यंत नेऊ लागले. त्यांचा हात थरथरत होता, तोंडाच्या कडेनं लाळ येत होती, आणि मला ते बघवलं नाही. मला वाटलं, त्यांना त्रास होतोय, नर्सला बोलवायचंय. मी पुढं होऊन त्यांचा हात दोन्ही हातांत धरला आणि चमचा काढून ट्रेमध्ये ठेवला. नका दमू, म्हटलं. त्यांनी माझ्याकडं थोडा वेळ बघितलं आणि डोळे मिटले.

आठ दिवसांनी ते गेले. चियो-साननी एकोणपन्नासाव्या दिवसाचं सगळं उरकल्यावर सळई आमच्या दाराशी आणून ठेवली. तिला नवं फडकं गुंडाळलेलं होतं.

या वर्षी एप्रिलच्या पहिल्या रविवारी मी गमबूट घालून पाटात उतरले. शिकायला ओसाकाला राहते ती राधिकाही आली होती. पहिला दगड लगेच सापडला. पुढं काय करावं कळेना, म्हणून नुसती उभी राहिले, आणि तेव्हा तो चमचा आठवला. एक, आणि अगदी जवळ दुसरा. कठड्यावर ते मला पाट दाखवत होते. मी दहा-बारा पावलं पुढं गेले, चार वेळा सळई मारली, आणि दुसरा दगड वाजला. राधिका वरून जपानीत ओरडली, ऐकू आलं, ऐकू आलं म्हणून. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. मी तशीच खाली गाळात बसले. तिसऱ्यासाठी त्यांचा हात पुढं निघाला होता, आणि मी तो धरला होता.

दहा वाजेपर्यंत शोधलं. मग साडेदहा. माणसं कमी, त्यात दोघं आजारी, तीनला पाणी यायचं. माधवनं लेव्हलचं यंत्र आणलं होतं. दुसऱ्या दगडाची उंची माहीत, सहाव्याची माहीत, मधल्या भागाला सरळ उताराची रेषा काढू आणि त्या रेषेपर्यंत खणू, असं त्याचं गणित. मधल्या पट्ट्यासाठी वरच्या गावातून एकानं छोटं खोदायचं यंत्रही आणून दिलं. मला एकदा वाटलं, मामांच्या पाटाला कधी सरळ उतार नव्हता, रेताड जमिनीत तळ उथळ आणि रुंद असायचा. वाटलं, आणि बोलले नाही. माझा हक्क ज्या कानावर होता तोच कमी पडला होता. माधवनं विचारलं, करू का. मी म्हटलं, कर तुझ्या रेषेनं. आणि सळई घेऊन पुढं सहाव्याकडं निघून गेले, कारण तो मला येत होता.

ठरल्या वेळी पाणी सोडलं. वाहताना सुरेख दिसत होतं.

जूनमध्ये भाताच्या चिखलणीसाठी पाणी हवं होतं. वरच्या खाचरांत आलं. मधल्या खाचरांत थोडं आलं. चियो-सानच्या शेताशी पाटात नुसती ओल. नागोयाचा मुलगा नको म्हणत असतानाही त्यांनी रोपं केली होती. नवऱ्याच्या पहिल्या वर्षी त्याचं शेत रिकामं ठेवायचं नाही, एवढंच त्यांचं मागणं होतं. हिरवीगार रोपं ट्रेमध्ये वीतभर झाली, दोन वीत झाली, मग टोकं पिवळी पडायला लागली. त्या रोज पहाटे झारीनं त्यांना पाणी घालायच्या.

माधव आणि मी पाटाच्या कडेनं वर चालत निघालो. दुसऱ्या आणि सहाव्या दगडाच्या साधारण मधोमध, बांबूच्या वळणाशी, पाणी घोट्याएवढं होतं आणि वळणाच्या पलीकडं बोटभर. यंत्रानं सोललेला तळ हळूहळू झिजून तिथंच फुटला होता, पाणी खाली रेतीत जात होतं. काठावर यंत्रानं काढलेल्या गाळाचा ढीग होता, आठवडाभराच्या पावसानं धुतलेला. त्या ढिगात, बाकीच्या राडारोड्यात, एक चपटा काळा दगड दिसला. पावसानं अगदी स्वच्छ झालेला.

मी सळईनं त्याला हळूच टेकवलं. तो वाजला. गाळ नव्हता, म्हणून त्याचा आवाज कुणी गिळला नाही. बांबूंपर्यंत गेला आणि थोडा वेळ तिथं राहिला. इतका लांब आवाज मी त्या दगडांचा कधी ऐकला नव्हता.

माधव खाली बसला. रेषा वीतभर खाली गेली, असं तो म्हणाला, आणि पुन्हा तेच म्हणाला. यंत्राच्या आवाजात कुणाला काही कळलंच नसणार. मी त्याला काय बोलणार. त्यानं माहीत नसलेल्या गोष्टीत चूक केली होती. ज्या ऐकण्यानं मला त्या पाटात मान मिळाला ते मी कीर्तनात शिकले, आणि त्या ऐकण्याचं काम पडलं त्या दिवशी मी नव्हते, कारण मी ऐकायला गेले होते. आणि पुढं एकदा ते माणूस माझ्यासाठी सगळं पुन्हा सांगायला निघालं, तर मी दया दाखवली.

दगड परत बसवता येईल, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं. पण तो पाटात नेमक्या कोणत्या जागी होता, किती उंचीवर, हेच तर तो सांगत होता. जागेवरून निघाल्यावर तो नुसता छान वाजणारा दगड. गाव त्याच पाण्यावर चालतं, म्हणून फुटलेल्या तळाला आम्ही पाणी बंद न करता कसंबसं प्लॅस्टिक आणि माती दाबली. पाणी चियो-सानच्या शेतापाशी पोचलं तेव्हा जुलै उजाडला होता आणि लावणीची वेळ निघून गेली होती.

तो दगड मी त्यांच्या घरी घेऊन गेले. पायरीवर ठेवला आणि गुडघे दुमडून, डोकं जमिनीला टेकवून क्षमा मागितली. चमच्याचंही सांगितलं. हे त्यांना सांगायला मला सगळ्यात जड गेलं, कारण त्या पलंगाच्या पलीकडं बसलेल्या होत्या आणि त्यांनाही ते कळलं नव्हतं. त्या बराच वेळ दगडावरून हात फिरवत होत्या. मग म्हणाल्या:

"तीस वर्षं मी त्यांना विचारत होते, असं काय आहे त्या आवाजात. वाजवून दाखवा मला."

मी वाजवला. त्यांनी मान हलवली. त्यांना ऐकायला कमी येतं. कितपत ऐकू आलं ते मी विचारलं नाही.

या वर्षी त्या शेतात सोयाबीन आहे. पुढच्या एप्रिलमध्ये आम्ही पुन्हा उतरू. निघाला तो चौथा असावा, तिसरा आणि पाचवा अजून खाली आहेत, आणि यंत्र आणायचं नाही असं गावानं ठरवलं आहे. राधिका दर शनिवारी येते आणि मी तिला चियो-सानच्या पायरीवरच्या त्या दगडावर आवाज ऐकवते, वर ओला गाळ थापून, म्हणजे पाटात कसा येईल ते कळावं. तिला कधी कळतो, कधी नाही. चार वर्षं लागतील कदाचित. सापडतीलच असं मी म्हणत नाही. एक मात्र मी करते. कुणी मला काही दाखवायला लागलं, कितीही हात थरथरला तरी, मी तो हात धरत नाही.

घ्या, चहा घ्या. गार झाला असेल. तुमच्याकडं मी दुसरं काही मागत नाही. देवासमोर हात जोडाल तेव्हा आपल्या माणसांच्या नावांमागं एक नाव घ्या. पाटाच्या शेवटी राहून सगळ्यांच्या तळाची काळजी केली त्या माणसाचं. ओकुनो शिगेओ. जमलं तर नावापुढं पाटकरी म्हणा, त्यांना ते आवडायचं.